सागवानच पाहिजे का? बांधावरची बाभूळ, वेडी बाभूळ आणि डायनिंग टेबलचं गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरातल्या एका ताईंना नव्या फ्लॅटसाठी डायनिंग टेबल, सहा खुर्च्या, एक दिवाण आणि हॉलमध्ये मांडणी करून घ्यायचीय. अकरावीतली मुलगी म्हणते सागवान घेतलं की जंगल तुटतं, कारपेंटर म्हणतो सगळं प्लायमध्ये करा, विषय संपला. अक्कलकोटच्या जुन्या घरातल्या सागाच्या चार तुळया गोठ्यात पडून आहेत, त्याचं काही होईल का? आणि लाकूड कुठलं हे बाजूला ठेवलं तरी नुसत्या डिझाइनने जंगलाला काही फरक पडतो का?

ताई, पडतो. २७ वर्षं झाली या धंद्यात, वडील बैलगाड्या आणि कुळव-नांगर करायचे, मी खुर्च्या-टेबलं करतो, त्यामुळे थोडं लांबलचक लिहीन, चहा घेऊन बसा.

बांधावरचं किंवा जंगलातलं कुठलं झाड राखायचं आणि कुठलं तोडून भट्टीत घालायचं हे शेवटी वखारीत कशाला भाव मिळतो त्यावर ठरतं, आणि वखारीत कशाला भाव मिळतो हे आमच्यासारखे लोक मापाच्या चिठ्ठीवर काय लिहितात त्यावर. माझ्याकडे येणारी दहातली आठ गिऱ्हाइकं एकच मागतात, फळी रुंद पाहिजे, गाठ नको, रंग सगळीकडे एकसारखा चॉकलेटी पाहिजे. आता अशी फळी निघते कुठून तर जुन्या जाड झाडाच्या बुंध्यातून, तेही खालच्या सरळ भागातून. गोल ओंडका आरा मशीनवर चढवला की चौकोनी कापीव माल निम्म्याच्या आसपास हातात येतो, त्यातनं गाठीवाला, पांढरा, आखूड, वाकडा बाजूला काढला की तुमच्या टेबलापर्यंत किती पोचतो तो विचार करा. बाकीचं पेट्यांना, फाट्यांना नाहीतर जळणाला. म्हणजे एका टेबलासाठी झाड एक लागलं असं वाटतं पण आपल्या आवडीपायी दोन लागतात.

सागाचंच घ्या. १९९० च्या आसपास आपल्याकडे सागाच्या लागवडीची लाटच आली होती, वीस वर्षांत लाखो रुपये देतो म्हणून कितीतरी कंपन्यांनी लोकांचे पैसे घेतले, पुढे १९९९ मध्ये सेबीने असल्या योजनांसाठी नियम आणले तोवर बऱ्याच जणांचे बुडाले. पण पैसे गेले तरी काही शेतकऱ्यांच्या बांधावर झाडं राहिली, अजून आहेत. त्यातली निम्मी माझ्या मांडीएवढीसुद्धा जाड नाहीत. का, तर विरळणीच केली नाही. साग दाट लावतात आणि मग दर काही वर्षांनी मधली कमजोर झाडं काढायची असतात, त्याशिवाय बाकीच्यांना ऊन आणि पाणी पुरत नाही. पण काढलेल्या त्या हातभर घेराच्या वाश्यांना कुणी विचारत नाही, तोडणीची मजुरीसुद्धा निघत नाही, मग शेतकरी म्हणतो राहू दे उभं. राहतं उभं, सगळंच बारीक. आता याच ठिकाणी मी जर अशी खुर्ची काढली की जिला दीड इंचापेक्षा रुंद तुकडाच लागत नाही तर त्या वाश्याला भाव आला, विरळणी झाली, आणि उरलेली झाडं जाड झाली. मी काही झाड लावलं नाही, पेन्सिलने कागदावर पायाची जाडी बदलली एवढंच.

बारीक सागात पांढरं लाकूड फार असतं, गाभा कमी. या पांढऱ्याला वाळवी आणि भुंगा दोन्ही लागतात हे खरंय, गाभ्यासारखं ते टिकत नाही. पण घरात, कोरड्या जागी, बोरॅक्स आणि बोरिक पावडरच्या पाण्यात नीट मुरवून वापरलं तर खुर्चीच्या पाठीला, मांडणीच्या आतल्या फळीला काय हरकत आहे? बहुतेक कारपेंटर त्याच्यावर गडद स्टेन मारून लपवतात. मी उलट करतो, दोन गडद पट्ट्यांच्या मधे एक पांढरी सोडतो, लोक विचारतात हे कुठलं इम्पोर्टेड लाकूड आहे म्हणून.

बरं, आता आपल्या भागाचं. सोलापूर जिल्हा काय सागाचा प्रदेश नाही, चांगला साग चंद्रपूर-गडचिरोली, मेळघाट तिकडचा, अयोध्येच्या मंदिराच्या दारांना २०२३ मध्ये बल्लारपूर डेपोतनं गेला तो तसला. आपल्याकडे काय आहे तर बाभूळ, लिंब, चिंच, करंज, शिरीष. आणि ही बाभूळ बहुतेक कुठं जाते, वीटभट्टीत. सागापेक्षा जड आणि टणक लाकूड, ज्याची बैलगाडीची चाकं शेतातल्या दगडधोंड्यातनं वर्षानुवर्षं फिरली, ते आपण विटा भाजायला जाळतो आणि खुर्चीसाठी लाकूड घाना देशातनं जहाजाने आणतो. कमाल आहे की नाही.

पण बाभूळ वापरायची तर तिच्या कलाने घ्यावं लागतं, हे मी पैसे मोजून शिकलोय. सुरुवातीच्या काळात विजापूर रोडला एका घरी बाभळीचं टेबल दिलं, जोशात. लाकूड कापून चारच महिने झालेले, वरची फळी दीड इंच जाड, सगळे जॉइंट फेव्हिकॉल आणि खालून स्क्रू घट्ट. फेब्रुवारीत दिलं, सगळे खूश. मे महिन्यात रात्री दोन वाजता त्या घरात फटाका फुटल्यासारखा आवाज झाला, सकाळी फोन, टेबल मधून दोन फूट उललेलं. झालं काय होतं तर बाहेर ४३ डिग्री, हवा कोरडी ठाक, लाकूड आडव्या अंगाने आक्रसायला बघतंय आणि मी त्याला खालच्या फ्रेमला करकचून बांधलेलं, त्यात एका बाजूला कूलर चालू, म्हणजे ती बाजू ओल खाऊन फुगतेय आणि दुसरी बाजू सुकतेय. जाणार कुठं बिचारं. पैसे परत दिले, टेबल परत आणलं, ती उललेली फळी अजून वर्कशॉपच्या भिंतीला टांगलीय, नवीन पोरगं कामाला आलं की आधी तिच्यासमोर उभं करतो.

लाकूड लांबीला जवळजवळ हलतच नाही, रुंदीला हलतं. साग सगळ्यात शहाणा समजला जातो, तरी अडीच फूट रुंदीची सागाची फळी आपल्याकडच्या मे आणि ऑगस्टमध्ये पाव इंचाच्या आसपास फरक दाखवते. बाभूळ जास्तच. म्हणून वरची फळी खालच्या फ्रेमला बसवताना स्क्रूचं भोक गोल करायचं नाही, लांबट करायचं, नाहीतर लाकडी बटणं लावायची जी खाचेत सरकतात. हे एवढंसं लांबट भोक नसल्यामुळे कितीतरी चांगली लाकडं 'टिकत नाहीत' म्हणून बदनाम झालीत आणि सगळा भार सागावर पडलाय, असं माझं ठाम मत आहे.

वडील बाभूळ तोडली की तिचे ओंडके ओढ्याच्या डोहात नाहीतर विहिरीत बुडवून ठेवायचे, चार-सहा महिने. बाहेर काढलं की असा वास यायचा की आई घराजवळ आणू द्यायची नाही. पण त्या पाण्यात लाकडातला चिकाचा, साखरेचा भाग निघून जातो आणि मग भुंगा लागत नाही, त्यानंतर सावलीत रचून वाळवायचं, मधे बारीक पट्ट्या देऊन. आता मी डोहाऐवजी बोरॅक्सची टाकी वापरतो, वाळवण मात्र तसंच, इंचभर जाडीला वर्षभर धरतो, घाई असेल तर भट्टीतनं वाळवून आणतो आणि मीटरने ओल १० टक्क्यांच्या आसपास आली की मगच करवत लावतो.

वडिलांची अजून एक गोष्ट. नांगराचा वाक ते करवतीने कधी काढत नसत. बांधाबांधाने हिंडायचे, झाडाची फांदी जिथं वळलीय ती बघून ठेवायचे, हातवारे करून हवेत नांगर काढायचे, लोकांना वाटायचं म्हाताऱ्याला काय झालं. पण झाडातच आलेल्या वाकात रेषा वाकाबरोबर जातात, तो तुटत नाही. सरळ फळीतनं वाक कापला की रेषा मधेच कापल्या जातात आणि नेमकं तिथं मोडतं, शिवाय दोन्ही बाजूचा त्रिकोणी तुकडा वाया. म्हणजे वाकड्या झाडाला भाव देणारं डिझाइन आपल्याकडे आधीपासून होतं, ट्रॅक्टर आला आणि ते गेलं.

वाया जाण्यावरून खुर्चीचं गणित सांगतो, कारण खुर्चीत लाकूड सगळ्यात जास्त इथंच मरतं. मागचा पाय पाठीपाशी तिरका असतो, समजा तिरकेपणा ३ इंच आणि पाय दीड इंच रुंद, तर एक पाय कापायला साडेचार इंच रुंद फळी लागते. दोन खुर्च्यांचे असे चार मागचे पाय सुटेसुटे कापले तर १८ इंच रुंदी गेली. पण सगळे पाय एकाच वळणाचे ठेवले आणि फळीवर एकात एक बसवून आखले, चमचे रचतो तसे, तर करवतीचा पाव इंच धरूनसुद्धा पावणेदहा इंचात चारही बसतात. जवळजवळ निम्मं लाकूड वाचलं, गिऱ्हाइकाला खुर्ची तशीच दिसते. मात्र त्यासाठी खालच्या पायाला ती फुगीर नक्षी नको, एका नक्षीपायी सगळं गणित मोडतं.

टेबलाचं तसंच. तुमचं टेबल पाच फूट बाय अडीच फूट धरलं, आणि सव्वा इंच जाड फळी घेतली तर नुसत्या वरच्या भागाला १.३ घनफूट लागतं. पाऊण इंच घेतली तर ०.७८. अर्धा घनफूटपेक्षा जास्त फरक, आणि अर्धा घनफूट साग म्हणजे नऊएक किलो लाकूड. पाऊण इंच पुरतं का, तर पुरतं, खाली दोन आडव्या पट्ट्या नीट दिल्या तर टेबलावर बसून पोरांनी गणपतीची आरास केली तरी काही होत नाही. आपल्याकडे जाड म्हणजे मजबूत असा समज आहे, मजबुती जॉइंटात असते. कुसू, म्हणजे टोकाला काढलेली जीभ, खाचेत नीट बसला असेल तर दीड इंचाचा पाय पुरतो आणि नसेल तर तीन इंचाचाही डुगडुगतो.

जगातलं याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे थोनेट या युरोपातल्या खुर्चीवाल्याची १४ नंबरची खुर्ची, १८५९ ची. बीच नावाचं तिकडच्या जंगलातलं साधं मुबलक लाकूड, त्याच्या काठ्या वाफेवर मऊ करून वाकवल्या, कापून वाक काढलाच नाही. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट, खुर्ची तयार. एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या सुट्या करून मावायच्या. आणि वडील झाडात वाक शोधायचे तेच यांनी वाफेने केलं, रेषा वाकाबरोबर.

पण मला विचाराल तर आपली बाज तिच्यापेक्षा भारी आहे. चार गाते म्हणजे कडेचे आडवे दांडे, चार पाय, बाकी सगळं सुंभ नाहीतर नवार. फळी नाही, खिळा नाही, गोंद नाही. सुंभ ताणलं की जॉइंट आपोआप आवळतात. गात मोडलं तर बांधावरनं दुसरं आणा, पाय किडला तर पाय बदला. मनगटाएवढ्या जाडीचं बाभळीचं लाकूड चालतं, थोडं वाकडं असलं तरी. तुमचा दिवाण मी असाच करा म्हणीन. बॉक्सचा प्लायचा दिवाण करण्यापेक्षा बाभळीची चौकट आणि वर सुती नवार, आपल्या सोलापुरात सुताला काय तोटा आहे का. खुर्च्यांची बसायची जागासुद्धा तशीच विणून घेता येते, फोम आणि रेक्झिनचा खर्च वाचतो आणि आठ-दहा वर्षांनी सैल झाली की फक्त विणकाम परत, लाकूड तेच.

आता वेडी बाभूळ. रस्त्याच्या कडेला, कॅनॉलच्या कडेला, उजनीच्या पाणलोटाकडे जिकडे बघाल तिकडे. ही आपली नाही, अमेरिका खंडातनं आलेली, आणि एकदा शिरली की गवत, देशी झाडं सगळं दाबून टाकते. लोक तोडतात, कोळसा करतात, परत दुप्पट फुटते. पण हिचं लाकूड, कुणी मनावर घेत नाही म्हणून सांगतो, वाळल्यावर फार कमी हलतं, रंग तांबूस तपकिरी, पॉलिश घेतं सुंदर. अडचण एकच, सरळ लांब तुकडा मिळत नाही, दोन-अडीच फुटांच्या वर गेलं की वाक नाहीतर भेग. मग डिझाइनच तसं करायचं, दीड इंच रुंद, दोन फूट लांब पट्ट्या एकाला एक जोडून टेबलाची फळी, टोकाला टोक फिंगर जॉइंटने, दोन हातांची बोटं एकमेकांत अडकवतो तसं. मी दोन टेबलं केलीत अशी. मजुरी जास्त लागते, करवतीचं पातं लवकर बोथट होतं, काटे हातात घुसतात ते वेगळंच, सगळं गोड आहे असं नाही. पण लाकूड काढल्याने जमिनीचं भलं होतं असं दुसरं लाकूड मला माहीत नाही. कर्नाटकात मलेमहादेश्वर डोंगरात एट्री या संस्थेने तिथल्या सोलिगा लोकांबरोबर घाणेरीच्या काड्यांचं फर्निचर असंच उभं केलं, दिसायला वेताच्या फर्निचरसारखं.

एक मात्र सांगून ठेवतो, हे ऐकून लगेच कुणी माळावर झाडं लावायला जाऊ नका. आपल्याकडे उत्साहाच्या भरात गवताळ माळरानावर खड्डे काढून झाडं लावतात, फोटो काढतात. सोलापूरजवळचा नान्नजचा माळ म्हणजे ओसाड जमीन नव्हे, माळढोक, काळवीट, लांडगा यांचं ते घर आहे, तिथं झाडांची गर्दी झाली की माळढोकाला चारही बाजूंनी दिसत नाही, त्याला उघडा माळच लागतो. लाकूड पाहिजे तर बांधावर, विहिरीकडेला, ओढ्याकाठी वाढवा. झाड आपल्याच शेतातलं असलं तरी साग, आंबा, चिंच अशी काही झाडं तोडायला १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते, ती घेऊन मगच.

प्लायबद्दल तुमच्या कारपेंटरला मी पूर्ण चूक म्हणणार नाही. आजकालचा बराचसा प्लाय शेतात लावलेल्या निलगिरीचा, पॉप्लरचा असतो, पाच-आठ वर्षांत तयार होणारा, जंगलातला नाही. मांडणीची मागची बाजू, कपाटाची बाजू याला प्लायच बरा, तिथं सागाची फळी म्हणजे पैशाचा आणि झाडाचा माज. वरनं सागाचा व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, लावला तर अर्धा मिलिमीटर जाडीने एक घनफूट लाकूड कागदावर सहाशे चौरस फूट पसरतं, नासधूस धरली तरी काहीशे. माझं भांडण आहे ते सगळं खिळ्यात आणि गोंदात चिकटवून टाकण्याशी. सिंकखालचं एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, एका गळतीत पुरीसारखं फुगतं आणि मग एका फळीपायी अख्खं युनिट भंगारात. खालची फळी स्क्रूने सुटी ठेवा, दोन इंच वर उचला, पाय द्या. एवढ्याने युनिटचं आयुष्य दुप्पट होतं.

खरेदीला गेलात आणि कुणी बर्मा टीकचा, म्हणजे म्यानमारच्या सागाचा, ताजा ओंडका दाखवला तर जरा थांबा, म्यानमारने गोल ओंडके बाहेर पाठवणं १ एप्रिल २०१४ पासून बंद केलंय. घाना टीक म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण साग आफ्रिकेत मुळात नव्हताच, तिकडचा साग म्हणजे लावलेलाच, बारीक असतो एवढंच, आणि बारीक लाकडासाठी डिझाइन कसं करायचं ते वर सांगितलंच. आफ्रिकन टीक नावाने मात्र भलतीच झाडं खपवतात, ते वेगळं. जंगल नीट राखून काढलेल्या लाकडाला शिक्का देणारी एफएससी ही संस्था १९९३ पासून आहे, मोठ्या कंपनीचं घेतलं तर तो शिक्का बघा, आपल्या वखारीत तो मिळणार नाही. तिथं पक्कं बिल, वाहतूक पास आणि सरकारी डेपोचा माल असेल तर ओंडक्यावरचा हातोड्याचा ठसा, एवढं विचारा. विचारणारं गिऱ्हाईक आलं की वखारवाला पुढच्या वेळी सांभाळून माल भरतो. शिसवीच्या मागे लागू नका, तिच्या कुळीतली सगळी झाडं २०१७ पासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहेत, परदेशी पाठवायला कागद लागतात त्याअर्थी काहीतरी कारण असणार.

आता तुमच्या तुळया. मी सगळ्यात आधी हेच सांगणार होतो पण लिहिता लिहिता मागे पडलं. माप लिहिलेलं नाही, जुन्या घरातली तुळई साधारण ८ बाय ६ इंच आणि १० फूट लांब धरली तर एकीत सव्वातीन घनफुटांहून थोडं जास्त, चारात सव्वातेरा. टेबल आणि सहा खुर्च्या आपण म्हणतोय तशा हलक्या केल्या तर यातच निघतील आणि मांडणीच्या दर्शनी पट्ट्यांना पण उरेल. सत्तर-ऐंशी वर्षं वाळलेला साग आहे तो, आक्रसायचा तेवढा आक्रसलाय, आता उन्हाळ्या-पावसाळ्याला थोडा हलेल तेवढाच. टोकं जिथं भिंतीत होती तिथं वाळवी असते, एकेक फूट कापून टाकायला लागेल. मधे भेगा असतील तर घाबरू नका, जॉर्ज नाकाशिमा म्हणून एक मोठे सुतार होते, १९६४ मध्ये अहमदाबादच्या एनआयडीत येऊन त्यांनी काम केलं होतं, ते भेग लपवायचेच नाहीत, आडवी डमरूच्या आकाराची लाकडी चावी बसवून तिथंच थांबवायचे. दिसायलाही छान दिसतं.

फक्त आरा मशीनवर न्यायच्या आधी खिळे काढा. जुने खिळे आत मोडलेले असतात, वरून दिसत नाहीत, एक लागला तर पातं गेलं आणि मशीनवाला पुन्हा जुनं लाकूड घेत नाही. लाउडस्पीकरमधलं लोहचुंबक दोऱ्याला बांधून तुळईवरनं हळूहळू फिरवा, जिथं ओढ घेईल तिथं खडूने गोल करा. हे काम मुलीला द्या, एका रविवारी होतं. आणि तुळयांची लांबी-रुंदी-जाडी मोजून, कुजलेला भाग सोडून, मला कळवा, मग खुर्चीच्या पायाचा तिरकेपणा किती ठेवायचा ते त्या मापावरून ठरवू.